लेन्ससोबत आलेल्या वस्तू

सकाळी सहाला कसबा बावड्याहून निघालो. कारखान्याच्या मळीचा वास हातकणंगल्यापर्यंत गाडीत होता. मागच्या सीटवर स्टँड, शेजारी बायको, तिच्या मांडीवर माझ्या कॅमेऱ्याच्या नव्या लेन्सची बॅग. खड्डा आला की झोपलेलं नातवंड उचलावं तशी ती बॅग अलगद वर धरायची.

लेन्सची किंमत मी तिला खरी सांगितली होती. "एवढी एक हौस करा," म्हणाली. पण चार किलोचं भिंग नुसतं घेऊन भागत नाही. ते पेलणारा कार्बनचा स्टँड लागतो, वर गिंबल (लेन्स सहज फिरवणारा सांधा), बुरशी धरू नये म्हणून कोरड्या हवेचं कपाट. एकेक घरात येत गेलं आणि मी म्हणत गेलो, "लेन्ससोबत फुकट मिळालं."

"कपाटबी?"

"स्कीम होती."

तिला तीन वर्षं कमी ऐकू येतं. कानाच्या मशिनसाठी ठेवलेले पैसे या फुकटात गेले. मशिनचं पुढच्या वर्षी बघू, म्हटलं.

नृसिंहवाडीला दर्शन झालं, वाटीभर बासुंदी झाली, मग घाट उतरलो. संगमावर पाणी संथ होतं. एका काठीवर खंड्या (मासे टिपणारा निळा पक्षी) बसला होता. स्टँड मांडतोय तोच इचलकरंजीचा एक फोटोवाला शेजारी आला.

"पावणं, गिंबल भारीतला हाय की! माझा चाळीस हजाराला पडला. वहिनीस्नी आकडा ठावं हाय न्हवं? का फुकट आलाय म्हणून सांगितलासा?"

तो खदाखदा हसला. पेढ्यांचा पुडा धरून उभी असलेली बायकोही हसली. मग जवळ येऊन म्हणाली, "काय म्हणत्यात ते?"

"पाणी उतरलंय म्हणतात."

तिला ऐकू आलं नाही म्हणून मी वाचलो. आणि ऐकू येत नव्हतं ते माझ्यामुळं. एवढ्या महागाच्या सांध्यावरूनही त्या दिवशीचे सगळे फोटो हलले.

परतताना शिरोळच्या पुढं तिनं विचारलं, "त्यो निळा पक्षी वरडतो कसा हो?"

मी गाडी कडेला घेतली. सांगून टाकलं; पण पुटपुटत.

"मोठ्यानं बोला की."

मग ओरडून सांगितलं. स्टँड, गिंबल, कपाट, तिची मशिन. उसाच्या ट्रॅक्टरवरचा माणूस वळून बघत गेला.

तिनं मांडीवरच्या बॅगेकडं बघितलं. आता बॅग खाली ठेवील, असं वाटलं. तिनं उलट पदराखाली घेऊन घट्ट धरली.

"सावकाश चालवा," म्हणाली. "माझं कान हायत ह्यात."

त्या रस्त्याला खड्डे किती आहेत, ते मला परतताना कळलं.