हुकूम कुणाचा ते लिहा

ती दुपार आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढं आहे. वाळूज भागातल्या एका ठाण्यात मी पोलीस निरीक्षक होतो. कारखान्यांची पहिली पाळी नुकतीच सुटली होती आणि बजाजनगरातली एक बाई धापा टाकत आत आली.

"साहेब, माझ्या मालकाला गाडीत घालून नेलं! दिल्लीचे पोलीस हाय म्हणले. उद्या त्यांची कोर्टात साक्ष हाय, ते नाय पोचले तर समदं बुडालं!"

नवरा फिटर. नाल्यात रसायन सोडणाऱ्या कारखान्याविरुद्ध तो साक्ष देणार होता, आणि कारखाना एका वजनदार पुढाऱ्याच्या मेहुण्याचा.

बाहेरचं पथक आमच्या हद्दीत आलं की आधी आमच्या स्टेशन डायरीत नोंद करतं. ठाणे अंमलदारानं डायरी चाळली. नोंद नव्हती. तोतयेच असणार, असं मी ठरवून टाकलं आणि तिथंच चुकलो.

बसथांब्यावर पंक्चर काढणाऱ्या चाचांनी खबर दिली, "सफेद गाडी, साहब. हवा मेरे पासच भराये. रेस्ट हाउस किधर है पूछ रै थे."

रेस्ट हाउसवर दोघं भेटले. ओळखपत्रं तपासली, अस्सल निघाली. केंद्रीय यंत्रणेचेच अधिकारी! फिटर कोपऱ्यात, मांडीवर न उघडलेला डबा घेऊन बसलेला.

"केंद्राचं काम आहे, मध्ये पडू नका," थोरला गुरकावला.

"पडणार नाही. ठाण्यात चला, नोंद करा, मग खुशाल न्या."

ठाण्यात मी डायरी पुढं सरकवली. गुन्हा कोणता? "चौकशी आहे." समन्स? "येतंय." हुकूम कुणाचा? थोरल्यानं डायरी परत माझ्याकडे सरकवली.

तेवढ्यात फोन वाजला. साक्षात तोच पुढारी. "माझंच काम आहे ते. जाऊ द्या त्यांना."

असे फोन मी आयुष्यभर ऐकले आणि गिळले. त्या दिवशी मात्र बाई समोरच्या बाकावर बसली होती. म्हणालो, "जी साहेब. आपला हुकूम डायरीत घेतो." फोन कट. मी वेळेसकट शब्दन् शब्द लिहिला.

ते पाहून धाकट्या अधिकाऱ्यानं पेन मागितलं. लिहिलं, 'वरिष्ठांच्या तोंडी सूचनेवरून आणले. लेखी आदेश नाही.' खाली सही. फिटर बायकोसोबत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं छाती काढून साक्ष दिली. पुढं कोर्टानं आमची डायरी मागवली, पुढाऱ्याला पिंजऱ्यात उभं राहून उत्तरं द्यावी लागली, आणि तोंडी सूचना देणाऱ्या वरिष्ठाची खातेनिहाय चौकशी लागली. मी ठाण्यात पेढे वाटले!

यंत्रणा सुधारायला कायदे हवेत, समित्या हव्यात, सगळं खरं. पण तोंडी हुकूम देणारा कागदाला जेवढा भितो, तेवढा कुणालाच भीत नाही. हे मला फार उशिरा कळलं, याची लाज वाटते.

निवृत्तीपर्यंत मग प्रत्येक फोन लिहिला. हळूहळू फोन यायचेच बंद झाले.