पावसात चाललेले फवारे

वडिलांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. उसात मोकाट सुटलेलं पाणी बघून ते जन्मभर चरफडले. निवृत्त होऊन राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तर इथंही तेच. खाली सोसायटीची हिरवळ होती. सकाळी कुणीतरी तिच्यात पाइप टाकायचं आणि विसरून जायचं. पाणी थेट रस्त्यावर. मग वडील पायात चपला सरकवून नळ बंद करायला जिना उतरायचे. लोक हसायचे.

दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांनी सोसायटीच्या मागं लागून एक यंत्र बसवून घेतलं. ठरल्या वेळी फवारे आपोआप सुरू, आपोआप बंद. मागच्या भिंतीवर डबीएवढा एक सेन्सर होता. तो पावसात भिजला की यंत्र पाणी सोडायचंच नाही. त्या उन्हाळ्यात रस्ता कोरडा राहिला. वडील गॅलरीत उभे राहून तो कोरडा रस्ता बघत बसायचे. त्यांना एवढं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

मृग जवळ आला की आई भिजण्यासारखं दिसेल ते झाकून टाकायची. दाराची बेल, स्कूटरची सीट, मीटर. त्यासाठी दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवलेल्या असायच्या. वरून जुन्या लुगड्याची चिंधी, तिला दोन गाठी.

त्या वर्षी पाऊस लागला आणि भर पावसात फवारे सुरू झाले. लोक छत्र्या घेऊन गंमत बघायला उतरले. त्या दिवशी बाहेरून पाणी आलं नव्हतं; होतं ते फवाऱ्यांत गेलं, सोसायटीची टाकी रिकामी झाली, घराघरातले नळ कोरडे पडले आणि हसणं संपलं.

वडील मागच्या भिंतीकडं गेले, त्यांच्या मागोमाग मी. सेन्सरवर चिंधीनं बांधलेली दुधाची पिशवी होती. आत तो ठणठणीत कोरडा. चिंधी कुणाच्या लुगड्याची ते आम्ही दोघांनीही ओळखलं. त्यांनी सावकाश गाठी सोडल्या आणि पिशवी खिशात घातली.

"आईला सांगू नगंस," ते म्हणाले. "जन्मभर हसतील तिला."

संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक बसली. रिकाम्या टाकीचा जाब सगळ्यांना कुणाकडून तरी हवाच होता. वडिलांनी हात जोडले. यंत्रच वाईट निघालं, निवड माझी चुकली, म्हणाले. यंत्र काढून टाकलं, पाइप परत आला.

त्यानंतर ते नळ बंद करायला कधी उतरले नाहीत. खाली पाणी वाहत असायचं आणि वर हा माणूस पेपर वाचत असायचा. आतून तो संपला होता. मला ते बघवत नव्हतं आणि करता तर काहीच येत नव्हतं.

एका उन्हाळ्यात आई गॅलरीतून म्हणाली, "अवो, पाणी रस्त्यावर चाललंय की."

"जाऊ दे."

"ते यंत्र ऱ्हायला पायजे होतं. पावसाआधी मी त्याला पिशवीबी बांधली होती. तरी कसं बिघडलं कुणास ठाऊक."

वडिलांनी पेपर खाली घेतला नाही.

"तू बांधलीस म्हणून तर तेवढं टिकलं," ते म्हणाले.