भोंगेकाकांच्या टाळ्या

शहरातल्या सभांचा आवाज भोंगेकाकांच्या हातात. सभेआधी मैदानभर फिरून प्रत्येक भोंग्याखाली कान देऊन उभं राहायचं, हा त्यांचा नेम. कामात माणूस मोठा खाष्ट. जरा कुठे खरखर आली, तर मदतनिसांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

मोठे साहेब सत्तेवर नवीन आले, तेव्हा टाळ्याच इतक्या पडायच्या की काकांना माइकचा आवाज कमी करावा लागे. खोटं कशाला बोला, हात लाल होईपर्यंत काकांनीही वाजवल्या होत्या. पुढे माणसं तुरुंगात जाऊ लागली आणि टाळ्या विरळ होत गेल्या. मग सभेच्या अधिकाऱ्याने एक टेप आणून दिली. त्या जुन्या सभांमधल्याच टाळ्या!

काकांनी त्यात आपली अक्कल घातली. मागच्या भोंग्यांतून टाळ्या पुढच्यांना ऐकवायच्या, पुढच्या भोंग्यांतून मागच्यांना. प्रत्येकाला वाटायचं, आपण सोडून सगळेच वाजवताहेत. मग भीतीने तोही वाजवायचा. या कारागिरीचा काकांना चांगलाच अभिमान होता, हेही सांगायला हवं.

यंदा दोन प्रांत उलटले, सैन्यही फुटलं. मोठे साहेब मात्र हटायला तयार नाहीत. रोज सभा, रोज गर्जना. इस्पितळातल्या नर्सनाही ओळीने मैदानावर बसवू लागले. काकांची लेक त्यांतलीच. ती एका संध्याकाळी घरी आली आणि चप्पलही न काढता बसून राहिली.

"बाबा, उद्या सभा संपली की तिथेच आमच्या सह्या घेणारेत. जखमी बंडखोर आला तर औषध द्यायचं नाही, आधी पोलिसांना कळवायचं."

"मग? तू काय ठरवलंयस?"

"नाही म्हणणार होतो हो, वीसच्या वीस जणी. पण आज मैदानावर केवढा कडकडाट! अख्खं शहर त्यांच्या बाजूचं. आमचं कोण ऐकतंय? करते सही."

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. लाज वाटली, अगदी मान वर करवेना. लेकीला खरं सांगावं, तर ते तिला एकटीलाच कळणार. बाकीच्या मैदानाचं काय? रात्री ते शांत झोपले. त्यांचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मोठे साहेब गरजले, "मी इथून हलणार नाही!" आणि सवयीने थांबले.

काकांनी टेप लावलीच नाही.

पुढच्यांनी मागे पाहिलं, मागच्यांनी पुढे. चार-दोन हात वर आले आणि ओशाळून खाली गेले. एवढ्या मोठ्या मैदानात कुणाचं तरी खोकणं तेवढं ऐकू आलं. मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

अधिकारी धावत आला. "टाळ्या कुठे गेल्या?"

"मशीन ठणठणीत आहे, साहेब," काका म्हणाले. "आहेत तेवढ्याच ऐकू येताहेत."

दोघा शिपायांनी त्यांना बखोटीला धरून नर्सच्या रांगेसमोरून नेलं. टेबल मांडलेलं होतं, कागद पसरलेले होते. लेकीने बापाकडे पाहिलं, त्याच्या टेबलावरच्या बंद टेपकडे पाहिलं, आणि कालचा कडकडाट कुठून आला होता ते तिला उमगलं. पहिला नंबर तिचाच होता. तिने कागद उचलून कारकुनाच्या हातात परत दिला आणि हात मागे बांधून उभी राहिली.

तिच्यामागे एकोणीस जणी होत्या. पेनाला कुणीच हात लावला नाही.