कारणाचा रकाना

दवाखान्यात लस टोचणाऱ्या सिस्टरना सगळी आळी वचकून असे. पोरं त्यांच्या सुईला भ्यायची, आया त्यांच्या तोंडाला. टेबलावर बारा खणांची लाकडी पेटी. ज्या महिन्यात मुलाची पुढची लस, त्या महिन्याच्या खणात त्याचं कार्ड. महिना सरला आणि कार्ड तिथेच राहिलं की सिस्टरचा फोन गेलाच म्हणून समजा! उशिरा येणाऱ्याच्या कार्डावर ‘कारण’ असा रकाना भरावा लागे. आई काहीही सांगो, सिस्टर ठसठशीत अक्षरांत लिहीत: आईची हयगय.

इस्त्रीवालीला तीन आठवडे उशीर झाला, तेव्हा तर त्यांनी भर रांगेत तिला फैलावर घेतलं.

“सासूबाई दवाखान्यात होत्या हो, सिस्टर. मी तिथेच अडकले.”

“आणि पोरगी वाऱ्यावर?”

रकान्यात हयगय पडली. ती बिचारी खालमानेने निघून गेली.

सिस्टरच्या स्वतःच्या मुलाचं कार्ड मात्र पेटीत नव्हतं. घरच्या पोराची कसली आठवण ठेवायची, म्हणून त्यांनी ते पर्समध्ये टाकलं होतं. पुढे शेजारच्या वस्तीत गोवर निघाला. लस राहिलेली मुलं शोधायला त्यांनी पेटी उपसली. एकही निघालं नाही. खुशीत त्यांनी चष्म्यासाठी पर्स उघडली, तर तळाशी ते दुमडलेलं कार्ड. गोवराचा दुसरा डोस दीड वर्षाला द्यायचा होता. पोरगा सव्वादोन वर्षांचा झाला होता! 

दुसऱ्या दिवशी त्या पोराला कडेवर घेऊन टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, रांगेत उभ्या राहिल्या. मागे नेमकी इस्त्रीवाली. सिस्टरना मान वर करवेना. असली लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

त्यांच्या जागी बसलेल्या धाकट्या नर्सने लस टोचली आणि ती हळूच म्हणाली, “कारणात ‘मूल आजारी’ टाकते. कोण बघतंय?”

सिस्टरनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं: आईची हयगय. मग पेटीतून इस्त्रीवालीचं कार्ड काढलं. जुनी नोंद खोडून ‘सासू दवाखान्यात’ लिहायचं त्यांच्या मनात होतं.

सिस्टरच्या हातात आपलं कार्ड आणि पेन बघून इस्त्रीवालीने मुलीला घट्ट छातीशी धरलं.

“या खेपेला वेळेवर आलेय हो, सिस्टर,” ती घाईघाईने म्हणाली, “तारीख बघा ना.”