टोलेडोत गाडी कोण चालवत होतं

वरवट बकालच्या स्टँडवर तुळशीराम ड्रायव्हरचं घर विचारलं, की लोक नुसता पत्ता सांगत नाहीत, सोबत एक वाक्य जोडतात : चौतीस वर्षं एसटी चालवली, पण कोंबडीलाही धक्का लागू दिला नाही. ते खरंच होतं. शेगाव ते जळगाव जामोद हा त्याचा कायमचा रस्ता. शेगावात प्रकटदिनाची गर्दी असो की वाटेत नाल्याला पूर असो, त्याची गाडी उशिरा आली असेल, पण सुखरूप आली. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्याला मिळाला होता. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी दर जानेवारीत सुरक्षा सप्ताहाला आगारातून बोलावणं यायचं. नारळ, शाल आणि नव्या चालकांना चार शब्द.

त्याची एकुलती एक लेक अनुपमा स्पेनमध्ये, माद्रिदला, औषधांवर संशोधन करायची. तिनं सप्टेंबरात आईबापाला बोलावून घेतलं. जावयाला सुटी मिळाली नाही, म्हणून तिघंच तिच्या छोट्या पांढऱ्या गाडीतून जुनी शहरं बघत निघाले. आधी सेगोव्हिया, मग टोलेडो, पुढं कोर्डोबा आणि शेवटी ग्रानादा.

तुळशीराम पुढच्या सीटवर बसला खरा, पण बसला तो ड्रायव्हर म्हणूनच. तिकडं सगळंच उलटं. रस्ता उजवीकडून, स्टेअरिंग डावीकडं. लेक गाडी चालवायची आणि बापाचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जायचा.

"हळू घे ना व. समोर वळण हाये."

"दिसून राह्यलं मले, बाबा."

"त्या ट्रकवाल्याले जाऊ दे आधी."

"तो थांबलाच हाये, बाबा. इथं माह्या हक्काचा रस्ता हाये."

मागच्या सीटवरून अन्नपूर्णाबाई म्हणायच्या, "तिले चालवू द्या. तुमी डोंगर पाहा."

डोंगर कुठला बघतो तो. सेगोव्हियात दोन हजार वर्षांपूर्वीचा दगडी जलसेतू उभा होता, चुना न लावता नुसते दगडावर दगड रचलेला. अन्नपूर्णाबाई मान वर करून किती वेळ बघत राहिल्या. तुळशीरामचं लक्ष मात्र अनुपमानं गाडी दोन गाड्यांच्या मधे कशी लावली, याच्याकडं. एका झटक्यात लावली. त्याला ते आवडायला हवं होतं. पण अनुपमा कॉलेजात असताना तिनं गाडी शिकव म्हणून हट्ट धरला होता, तेव्हा हाच बाप म्हणाला होता, "पोरीले काय करायची गाडी?" ती परदेशात जाऊन परक्या मास्तरांकडून शिकली. हे त्याच्या मनात सलत होतं, आणि सलायचं तेव्हा तो आणखी चुका काढायचा.

टोलेडोला ते संध्याकाळी पोचले. उंच टेकडीवरचं शहर, तिन्ही बाजूंनी नदी. हॉटेल खाली, तटाच्या बाहेर होतं. उतारावर तुळशीरामनं लेकीच्या हातावर हात ठेवून गिअर बदलायला लावला, तशी तिनं गाडी कडेला घेऊन थांबवली.

"बाबा, आता बास. मले गाडी येते. तुम्ही गप बसा जरा."

ती चिडून बोलली नाही, हेच त्याला जास्त लागलं. चौतीस वर्षांत त्याला गाडीत गप बस म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं.

सकाळी सातला त्याला जाग आली. मायलेकी झोपल्या होत्या. टेबलावर किल्ली पडली होती. त्यानं ती उचलली, का तर काच पुसून ठेवावी. ड्रायव्हरची सवय असते, गाडी निघायच्या आधी काच पुसायची. खाली येऊन त्यानं काच पुसली. मग इंजिन गरम करावं म्हणून आत बसला. मग जरा पुढं घेऊन बघावी. मग वरती त्या जुन्या शहरात एक चक्कर मारून मुकाट्यानं आणून लावावी. त्या पोरीला सांगायचंसुद्धा नाही. आपलं आपल्याला कळलं म्हणजे झालं.

रस्ता मोकळा होता. डावा हात सवयीनं गिअर शोधायचा आणि दारावर आपटायचा, पण दोनदा आपटल्यावर उजव्या हाताला कळलं. वेशीतून तो आत शिरला, चढला, वळला. छान वाटत होतं. मग एक गल्ली आली, आपल्या गावात बैलगाडी जाईल एवढीच, दोन्ही बाजूंना तीनमजली दगडी घरं. थांबून मागं घ्यायला हवी होती. पण एसटीच्या ड्रायव्हरला एवढीशी गाडी म्हणजे काय? त्यानं आरसे मिटवले आणि दामटली.

मधोमध गाडी अडकली. उजवीकडं भिंत, डावीकडं कोपऱ्यावर रोवलेला दगडी खांब. त्यानं रिव्हर्स टाकला, जोर दिला. पत्रा फाटल्याचा आवाज झाला. गाडीचा मागचा कोपरा एका घराच्या दारावर आदळला. दाराच्या चौकटीवर दगडात वेल कोरली होती, तिचा हातभर तुकडा फुटून खाली पडला.

घरातून एक म्हातारी बाई बाहेर आली. पांढरे केस, अंगात घरचा झगा. तिनं आधी तो तुकडा बघितला, मग याच्याकडं बघितलं. ओरडली नाही. तुळशीराम कसाबसा दुसऱ्या बाजूनं बाहेर पडला. त्यानं अनुपमाला फोन केला आणि एवढंच म्हणाला, "पोरी, ये."

फोनवर त्याचं ठिकाण बघत ती धावत चढ चढून आली. केस विंचरलेले नव्हते, पायात हॉटेलच्या चपला. तिच्यामागोमाग पोलीसही आला, शेजाऱ्यांपैकी कोणी बोलावला असणार. पोलिसानं कागद मागितले आणि काहीतरी विचारलं. भाषा कळत नव्हती, पण प्रश्न कोणालाही कळला असता. अनुपमानं बापाकडं बघितलंसुद्धा नाही. छातीवर हात ठेवला आणि दोन शब्द बोलली.

मी चालवत होते, हेच ती बोलली असणार.

तुळशीराम तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. पुढं होऊन स्वतःच्या छातीवर हात ठेवायला भाषा लागत नव्हती. त्याच्याकडं तिथला परवाना नव्हता, पकडलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. पण तेव्हा त्याच्या मनात ते नव्हतंच. त्याच्या मनात वरवटचा स्टँड होता. तो नुसता उभाच राहिला.

तेवढ्यात ती म्हातारी त्याच्याकडं बोट दाखवून अनुपमाला काही सांगू लागली. हिनं बघितलं होतं, ही सांगणारच. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले, जणू त्या हातांवरच कोणी चालवलं ते लिहिलं होतं. अनुपमा तिला काहीतरी म्हणाली, मान हलवली. म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली आणि मग आत गेली.

पोलिसानं कागदावर अनुपमाचं नाव लिहिलं.

हॉटेलवर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की उजव्या हाताची बोटं सोलून निघालीत आणि सदऱ्याला मागं रक्त लागलंय. अन्नपूर्णाबाईंनी हात धुऊन पट्टी बांधली. काय झालं ते त्यांना लेकीनं सांगितलं होतं. त्या नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढचा प्रवास झाला. गाडीचं फाटलेलं दार चिकटपट्टीनं बांधलं, आणि तुळशीराम आपणहून मागं बसला. कोर्डोबाच्या जुन्या मशिदीत तांबड्या-पांढऱ्या कमानींच्या रांगाच रांगा होत्या. त्याच्या गाडीवर चौदा वर्षं कंडक्टर असलेल्या शकूरनं निघताना सांगितलं होतं, तठीचा एक फोटो आन. त्यानं फोटो काढला. ग्रानादाही झालं. अनुपमा नेहमीसारखीच बोलत होती, इथं पाणी कसं खेळवलंय, ही नक्षी कशी आहे. तो हूं हूं करायचा. माफी मागायची म्हणून तोंड उघडायचा आणि पाणी मागायचा.

गावी आल्यावर लोकांनी घेरलं. त्यानं जलसेतू सांगितला, नदीनं वेढलेलं शहर सांगितलं, कमानी सांगितल्या. "लेक गाडी कशी चालवते?" कोणी विचारलं. "मस्त," तो म्हणाला. ते खरं होतं. बाकीचं त्यानं सांगितलं नाही.

जानेवारीत आगाराचं बोलावणं आलं. जाऊ नये असं दोन दिवस मनात होतं. पण नाही म्हटलं तर कारण सांगावं लागतं. तो गेला, शाल घेतली आणि नेहमीचं बोलला, "स्टेअरिंगवर बसलं की मानसानं अहंकार खाली ठेवून बसावं." टाळ्या पडल्या. समोर बायकांच्या रांगेतून अन्नपूर्णाबाई उठल्या आणि बाहेर नळावर जाऊन उभ्या राहिल्या. कार्यक्रम संपेपर्यंत आत आल्या नाहीत.

परत येताना अन्नपूर्णाबाईंना पुढं गावी पाठवून तो शेगावात शकूरच्या घरी थांबला. शकूरनं फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. तुळशीराम त्या फोटोकडं पाठ करून बसला आणि सगळं सांगून टाकलं. शकूरच्या बायकोनं, नसीमाभाभींनी, आणलेला चहा तसाच निवला.

सगळं ऐकून शकूर म्हणाला, "पोरीले काय म्हनला मंग तू?"

"काईच नाई."

"चार महिने झाले बे."

"तिनं विषयच काढला नाई."

"तिनं कायले काढावा?" शकूर म्हणाला. "माह्याकडून तिकिटाचा घोळ झाला त साहेबापुढं मी उभा राहू की तू?"

तुळशीरामनं निवलेला चहा संपवला आणि उठला.

त्या संध्याकाळी त्यानं अनुपमाला फोन लावला. आधी हवापाणी विचारलं. मग म्हणाला, "अनू, त्या दिवशी पोलिसापुढं मी बोलाले पाह्यजे होतं. मी बोललो नाई. तू माह्यं नाव वाचवलं अन् मी वाचवू देलं."

अनुपमा म्हणाली, "जाऊ द्या बाबा. दंड झाला, विमा वाढला, संपलं ते."

"संपलं नाई. त्या बाईनं मले पाह्यलं होतं. माह्याकडं बोट करून तुले सांगत होती, हाच चालवत होता म्हणून."

"नाही बाबा," अनुपमा म्हणाली. "ती म्हणत होती, तुझ्या वडिलांच्या हाताला रक्त आलंय, त्यांना आत घेऊन ये, मी धुऊन देते. मी म्हटलं, हॉटेलवर नेते. तुम्ही तर हात लपवून उभे होते."

फोन ठेवल्यावर तो ओट्यावर बसून राहिला. जिचं दार फोडलं, ती बाई त्याला आत बोलावत होती, आणि ती चुगली करतेय असं तो धरून चालला होता. इतके महिने तिच्यावर मनातल्या मनात रागही धरला होता. पोलिसापुढं गप्प राहिल्याची लाज होतीच. त्या लाजेवर आता ही दुसरी लाज बसली, आणि ही जास्त जड होती.

त्यानं त्या बाईला मराठीत पत्र लिहिलं. गाडी मी चालवत होतो, चूक माझी, आणि तुमच्याबद्दल मी वाईट समजलो तेही माझंच. अनुपमानं ते तिकडच्या भाषेत करून स्वतः नेऊन दिलं. बाईनं दारात उभं राहून वाचलं, घडी घातली आणि आत ठेवलं, एवढंच अनुपमानं कळवलं. चौकटीला नवा दगड बसवलाय, पण रंग जुळलेला नाही, असंही सांगितलं. त्यानं विचारलं नसतं तर तिनं ते सांगितलंही नसतं. पण त्यानंच विचारलं होतं.

पुढच्या जानेवारीत पुन्हा बोलावणं आलं. या वेळी निघताना त्यानं बायकोला विचारलं, "येतं काय?" अन्नपूर्णाबाईंनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पिशवी घेतली.

शाल घ्यायच्या आधीच तो माईकपाशी गेला. टोलेडोचं सगळं सांगितलं. किल्ली, गल्ली, फुटलेला दगड, सगळं. आगारप्रमुखांना काय करावं कळेना. ते हळूच म्हणाले, "काका, ते तिकडचं. इथलं रेकॉर्ड तर साफच आहे."

"गाडी तर माह्याच हातात होती ना साहेब," तुळशीराम म्हणाला.

मागच्या रांगेत काजल नावाची नवी कंडक्टर बसली होती, अनुपमापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. तिनं हात वर केला.

"काका, पोलिसानं कागदावर कोणाचं नाव लिहिलं?"

"पोरीचं."

"अन् तुम्ही तठीच होते?"

"हाव. दोन हातांवर."

तिनं हात खाली घेतला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तुळशीराम खाली उतरला आणि अन्नपूर्णाबाईंशेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यात जाऊन बसला.