साठची कॅसेट

मीटरकाकांना खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर. बत्तीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. जिन्याखालची कोंदट कपाटं, दारामागचे कोपरे, अंगावर येणारी कुत्री, सगळं झालं. दिवसभरात शंभर दारांत "मीटर बघायचंय" म्हटलं की घरी येईपर्यंत बोलायचे शब्दच संपतात, असं ते सांगत. संध्याकाळी हातपाय धुऊन खिडकीजवळच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसले, की घरात माणूस आहे हे दारातल्या चपलांवरून ओळखायचं. काकू म्हणायच्या, "दिवसा आकडे वाचता, संध्याकाळी अक्षरं. माणसं कधी वाचणार?" काका हसायचे आणि पान उलटायचे.

वाचताना त्यांना गाणं लागे. मात्र कुठल्या पुस्तकाला कुठलं, हे काकू ठरवत. वाचनालयातून नवं पुस्तक आलं की ओले हात पुसून त्या ते हातात घेत, मुखपृष्ठ बघत, पहिलं पान वाचत आणि काका नको नको म्हणत असताना शेवटचंही मोठ्यानं वाचून टाकत. मग बिस्किटांच्या जुन्या डब्यातून एक कॅसेट निघे. प्रत्येकीवर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'खुनाचं', 'रडकं', 'जाड आणि कंटाळवाणं'. खुनाच्या पुस्तकाला संथ व्हायोलिन, रडक्याला नाचाची गाणी. उलटंच वाटे, पण जमून जाई. "आमच्या हिचा कान म्हणजे सोनं," असं काका कचेरीत चारचौघांना ऐकवत. घरी त्यांनी हे एकदाही म्हटल्याचं ऐकिवात नाही. असली माणसं बाहेर उदार असतात.

टेपरेकॉर्डर होता स्वयंपाकघरातल्या फळीवर. "लांबून आलं की गोड लागतं," असं काकूंचं म्हणणं. एक बाजू संपली की खटका पडे. काका उठून आत जात आणि कॅसेट उलटत. ओट्याशी उभ्या असलेल्या काकू विचारत, "कुठवर आलं?"

"चाललंय," म्हणून काका परत खुर्चीत.

काकू गेल्या त्याला अकरा महिने झाले. तेव्हापासून काकांचं एकही पुस्तक चौथ्या पानापुढे सरकलं नव्हतं. टेपरेकॉर्डरही त्याच सुमाराला बंद पडला. मग लेक येऊन एक छोटा गोल स्पीकर देऊन गेली. "बाबा, आता उठायचंही काम नाही. दिवसभर वाजत राहील."

काकांनी सगळं करून पाहिलं. पियानो लावला, बासरी लावली. शब्दांची गाणी लावली तर पुस्तकातले शब्द आणि गाण्यातले शब्द एकमेकांत अडकले. झऱ्याचा आवाज लावला तर दर दहा मिनिटांनी मोरीकडे धावावं लागलं. शेवटी त्यांनी हात टेकले. वाचण्याशिवाय दुसरं काही त्यांना कधी येतच नव्हतं, आणि आता तेही येईना. संध्याकाळचे तीन तास खायला उठत. फोनवर लेक विचारी, "बाबा, बरं आहे ना?" हे म्हणत, "चाललंय."

काकूंचा काहीतरी नियम असणार, तो कळला की गाडं पुढे सरकेल, असं त्यांनी मनाशी धरलं. म्हणून एका दुपारी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून ते कॅसेटवाल्याकडे गेले. एके काळी हा माणूस कोऱ्या कॅसेटींवर गिऱ्हाइकांची गाणी भरून द्यायचा. आता मोबाइलची कव्हरं विकायचा. जुनं यंत्र पाहून तो खूश झाला. आतला रबरी पट्टा सैल पडला होता, तो त्यानं बदलला.

"आमच्या घरच्या सगळ्या कॅसेटी तुझ्याकडेच भरायच्या," काका म्हणाले. "गाणी कशी निवडायची ती? काही सांगायची तुला?"

"गाण्यांचं काकू माझ्यावरच सोडायच्या. तू भर, काय कुठे लावायचं ते मी बघते, म्हणायच्या." तो स्क्रू आवळत होता. "फक्त कॅसेट साठची हवी. मी म्हणायचो, नव्वदची घ्या, जास्त गाणी बसतात. ऐकतील तर शपथ. म्हणायच्या, नको रे बाबा. साठचीला अर्ध्या तासानं बाजू संपते, मग आमचे हे उठून आत येतात. नव्वदची घेतली तर पाऊण तास तोंड दिसायचं नाही."

तो हसला. काकांनीही हसून पाहिलं, पण जमलं नाही.

घरी येताना त्यांना फळी आठवली. खुर्चीशेजारी रिकामं टेबल असताना टेपरेकॉर्डर आत का, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आकड्यांचा माणूस, मोजल्याशिवाय राहवेना. एका संध्याकाळी पाच खेपा, अशी पंचवीस-तीस वर्षं. आणि दर खेपेला एकच शब्द. काकांना स्वतःची लाज वाटली, इतकी की रस्त्यात ते जरा थांबले.

त्यांनी टेपरेकॉर्डर पुन्हा फळीवरच ठेवला. 'जाड आणि कंटाळवाणं' लावली आणि पुस्तक उघडून बसले. डोळे पानावर, कान खटक्याकडे. अर्ध्या तासानं खटका पडला. काका आत गेले. ओटा कोरडा होता. काही म्हणावं तर सांगण्यासारखं काही नव्हतं, एक ओळही वाचली नव्हती. 'चाललंय' म्हटलं असतं तर ते खोटंच ठरलं असतं.

त्यांनी कॅसेट उलटली, परत येऊन पहिलं पान काढलं आणि ओळ न ओळ वाचायला लागले. पुढच्या खटक्याला सांगायला काहीतरी हवं होतं.

दुसरा खटका पडला तेव्हा ते अकराव्या पानावर होते. बोट पानात घालून पुस्तक घेऊनच ते आत गेले आणि ओट्याशी उभे राहिले.

"अकरावं पान," ते मोठ्यानं म्हणाले. "एक म्हातारा आहे. मुलाकडे निघालाय, बोटीनं. बोट सुटली आणि याची पेटी धक्क्यावरच राहिली. अजून त्याला ते कळलेलं नाही."

शेवटचं पान काकूंनी आधीच सांगून टाकलं असतं. मग त्यांनी कॅसेट उलटली.