व्याह्याचं कोरडं धोतर

"साहेब, खरं सांगा. तुमाला मशीन चालवता येत न्हाई म्हणूनच माझं असं झालं ना?"

बोरीचे उत्तमराव भर ओपीडीत स्ट्रेचरवरून मला विचारत होते. मानवतला व्याह्यांकडं नातवाचं जावळ होतं. तिथं पंगतीत चक्कर येऊन पडले, म्हणून थेट परभणीला माझ्याकडं आणलेले.

तीन महिन्यांपूर्वी मी कॅन्सरसाठी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी काढली होती. ओपन सर्जरी, म्हणजे बेंबीखाली चीर देऊन. त्यांचे व्याही किशनराव यांनाही तेच दुखणं. त्यांनी त्याच सुमारास हैदराबादला रोबोटिक केलं. पोटाला बारीक भोकं, आत यंत्राचे हात, आणि ते हात चालवणारा सर्जन बाजूला खुर्चीत बसलेला. तो सर्जन माझा बॅचमेट. यंत्राशेजारचे त्याचे फोटो बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खोटं कशाला बोलू?

या ऑपरेशननंतर काही महिने लघवी गळते. उत्तमरावांना दिवसाला तीन पॅड लागत. व्याही मात्र पांढऱ्याशुभ्र धोतरात हिंडायचे.

"पाणी किती प्यालात?"

"काल सकाळपसून घोटबी न्हाई. कापणीआधी रानाचं पाणी तोडतोच की आमी. लेकीला भाऊ न्हाई, पोरगं माझ्याच मांडीवर बसवायचं व्हतं. समद्या सोयऱ्यांत धोतर भिजलं असतं तर लेकीनं सासरी काय तोंड दाखवावं?"

"अहो, रान आणि किडनी एकच का?" मी ओरडलोच. रिपोर्टमध्ये किडनीवर ताण दिसत होता. सलाईन लावलं, पण तोंडानं पाणी घ्यायला ते तयार होईनात.

"आधी हैदराबादला जाऊन त्या मशीनवर पुन्ना करून घेतो, मंग पेतो."

काढलेली ग्रंथी पुन्हा काय काढणार! मी तणतणत केबिनमध्ये आलो. मागोमाग बाहेर थांबलेले किशनराव आले, दार लोटून घेतलं.

"साहेब, पाव्हणे पंगतीत घंटाभर हलले न्हाईत. मी तीनदा उठलो. आत पॅड हाय, तरी बी. व्यायाम सांगितला व्हता, पण म्हणलं मशीननं केलंय, व्यायाम कशाला? तुमच्या हाताला काय गुण हाय वो?"

मला आनंद झाला. लय झाला. आणि लगेच लाजही वाटली. रोबोटिकमध्ये रक्त कमी जातं, पेशंट लवकर घरी जातो. पण गळती आणि नवरा-बायकोचं सुख, या बाबतीत वर्षभरानं दोन्ही ऑपरेशनांत फारसा फरक उरत नाही. हे मी उत्तमरावांना ऑपरेशनआधीच सांगायला हवं होतं. पण त्या यंत्राचं नावही मला तोंडावर आणवत नव्हतं.

"तुमच्या पॅडचं त्यांना सांगा," मी म्हणालो.

"छ्या! इज्जत जाईल माझी."

"नाहीतर त्यांची किडनी जाईल. तुमच्या कोरड्या धोतराशी बरोबरी करायला त्यांनी पाणी सोडलंय."

किशनराव खाली मान घालून कॉटजवळ गेले. "पाव्हणे, मला बी दोन लागतात."

उत्तमरावांनी मान वळवून व्याह्यांच्या धोतराकडं पाहिलं. "मला तीन," ते म्हणाले आणि त्यांनी तांब्या मागितला.

किडनी सावरली. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचा व्यायाम दोघांनी सुरू केला. सहा महिन्यांत दोघंही एका पॅडवर आले.

आता ऑपरेशनआधी मी प्रत्येकाला रोबोटचंही सांगतो, कुठं होतं तेही सांगतो. काही जण निघून जातात. जळफळाट होतोच. पण आता तो मी एकटाच सोसतो.